पाच मि.मी.चा हिशेब

मी भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये फिटर आहे. सतरा वर्षं झाली. डायचं, म्हणजे साच्याचं, फिटिंग करायचं, शेवटचे दोन-तीन शंभरांश मि.मी. हातानं काढायचे, हे रोजचं काम. त्यामुळे दातांना तारा लावायचं ठरलं तेव्हा दुखण्याची धास्ती मला फारशी नव्हती. डोक्यात एकच प्रश्न होता. दात काढायचे नाहीत म्हणता, मग हे वाकडे दात सरळ उभे राहायला जागा आणणार कुठून?

माझ्या खालच्या जबड्यातले पुढचे चार दात सकाळच्या एसटीच्या दारात माणसं उभी राहतात तसे होते. एक तिरका, एक मागे सरकलेला, एक दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेला. वर डावीकडचा सुळा तर रांग सोडून हिरडीत उंच बसला होता. आई म्हणायची, दातावर दात असलेलं माणूस भाग्यवान असतं. बाविसाव्या वर्षी, लग्नाचं बघायला लागले तेव्हा, एका दवाखान्यात दाखवलं होतं. त्यांनी सांगितलं, चार उपदाढा काढू, मग तारा लावू. किडलेला दात काढायचा तर ठीक. चांगले चार दात काढायचे हे काही पचलं नाही. ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि पंधरा वर्षं विचार करत राहिलो.

सदतिसाव्या वर्षी परत गेलो ते हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून. दात साफ करून देणाऱ्या डॉक्टरांनी आरसा दाखवला. खालच्या दातांच्या मागे, जिथे ब्रश पोचतच नाही, तिथे दगडासारखा थर जमला होता. ‘सहा महिन्यांनी परत असाच येईल,’ ते म्हणाले, ‘रांग सरळ करून घ्या.’

मग तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्यांनी परत चार उपदाढा सांगितल्या. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, काहीही काढायला नको, घासायला नको, दोन्ही जबडे नुसते रुंद करू. भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो होते, हसू अगदी कानापर्यंत. मी विचारलं, रुंद म्हणजे नक्की काय सरकतं, हाड की दात? नीट उत्तर मिळालं नाही. ज्या जॉबवर माप लिहिलेलं नाही तो मी हातात घेत नाही.

तिसऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नाही. दोन एक्स-रे काढले, तोंडात तो गुलाबी लगदा भरून मापं घेतली आणि आठवड्यानं बोलावलं. गेलो तर टेबलावर माझ्या दातांची प्लास्टरची मॉडेल्स आणि शेजारी डिजिटल व्हर्निअर. तिथेच माझा अर्धा निर्णय झाला.

त्यांनी प्रत्येक दाताची रुंदी मोजून लिहून ठेवली होती. मग पितळेची एक बारीक तार मॉडेलवर एका दाढेपासून दुसऱ्या दाढेपर्यंत, रांग जशी असायला हवी तशी वळवून ठेवली आणि सरळ करून मोजली. तारेची लांबी म्हणजे असलेली जागा, दातांच्या रुंदीची बेरीज म्हणजे लागणारी जागा. खाली तूट ५ मि.मी. वर फक्त डावीकडे ४ मि.मी. म्हणजे आमच्या भाषेत खाली दीड सूत, वर सव्वा सूत. पंधरा वर्षं ज्यापायी तोंड मिटून हसलो ते एवढंसंच होतं.

‘हीच तूट नऊ-दहा असती, किंवा ओठ पुढे आलेले असते, तर मीसुद्धा दात काढायलाच सांगितलं असतं,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुमचं बिनकाढता जमेल. पण फुकटात जमणार नाही. जागा कुठून तरी घ्यावी लागेल आणि जिथून घेऊ तिथे थोडं मोजावं लागेल.’

कागदावर त्यांनी खालच्या जबड्याचा हिशेब मांडला. पुढच्या सहा दातांमधल्या पाच फटींतून प्रत्येकी ०.३ मि.मी. घासायचं, म्हणजे १.५. त्यामागे दोन्ही बाजूंना दोन-दोन फटी, प्रत्येकी ०.४, म्हणजे १.६. झाले ३.१. पुढचे दात १ मि.मी. पुढे आले की डावी-उजवी मिळून २ मि.मी. जागा मिळते. एकूण ५.१. जादाचा ०.१ बघून मी हसलो. अलाउन्स ठेवलेला होता.

रुंद करण्याचं मी विचारलंच. त्यांनी मॉडेलवर टाळूच्या मधोमध बोट फिरवलं. लहानपणी इथे सांधा असतो, दोन्ही भाग अलग असतात, तेव्हा स्क्रूचं उपकरण लावून रोज थोडी चावी फिरवली की हाडच रुंद होतं. माझ्या वयात तो सांधा घट्ट झालेला. नुसत्या तारेनं ढकललं तर दात बाहेर कलतात, हाड तिथंच राहतं आणि कडेच्या हिरड्या उतरायला लागतात. खालच्या जबड्यात तर तसा सांधाच नाही. आणि खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर ताणून वाढवलं तर तारा निघाल्यावर ते हळूहळू मूळ पदावर येतं. ‘ते अंतर मी हलवणार नाही,’ असं त्यांनी निक्षून सांगितलं.

वर फक्त डावीकडेच तूट का, याचं उत्तर एक्स-रेत होतं. डावीकडची सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकून आलेली होती. ‘लहानपणी इथली दुधाची दाढ लवकर काढली होती का?’ मॅडमनी विचारलं, आणि मला पाटणचा बाजारचा दिवस आठवला. सात वर्षांचा असेन. दाढ किडून गाल सुजला होता. वडिलांनी तालुक्याला नेऊन काढून आणली, परत येताना भेळ दिली. घरी सगळे म्हणाले, दुधाचीच होती, पडणारच होती. ती पडेपर्यंत मागच्या दाढेला अडवून धरते, हे कुणाच्या गावी नव्हतं. अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर दाढ पुढे आली, उपदाढा पुढे सरकल्या आणि त्यांच्यानंतर उगवणाऱ्या सुळ्याला जागाच उरली नाही. तो बिचारा उंच बाहेर निघाला, आणि आई त्याला भाग्य म्हणत होती.

तर वरचा उपाय असा, की डावीकडची अख्खी पिछाडी ४ मि.मी. मागे न्यायची. आणि मागे सरकायला मागे जागा हवी, म्हणून डावीकडची वरची अक्कलदाढ काढायची.

मी म्हटलं, मॅडम, आपलं बिनकाढता ठरलं होतं ना? त्यांना हसू आलं. त्यांच्या शास्त्रात बिनकाढता म्हणजे उपदाढा न काढता; अक्कलदाढ त्यात धरत नाहीत म्हणे. दाढ काढल्यावर दोन दिवस मी आइस्क्रीम खाताना या व्याख्येवर विचार केला. पटली नाही, पण दाढ निघाली होती.

तारांबद्दल जास्त सांगत नाही, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पहिली तार निकेल-टायटॅनियमची, ०.०१४ इंची. थंड असताना मेणासारखी वाकते आणि तोंडाच्या उष्णतेनं परत आपला आकार घेते. चार दिवस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. गालाला आतून फोड आले, त्यावर मेण लावलं. शेंगदाणे बंद, ऊस बंद, पेरू चिरून. तिसऱ्या महिन्यात कॅंटीनमध्ये मिसळीतला फरसाण बेसावधपणे चावला आणि एक ब्रॅकेट निघून हातात आलं. शिफ्टमध्ये पोरं विचारायची, ‘काय साहेब, यंदा दहावीला का?’

स्क्रू मात्र सांगण्यासारखा आहे. दाढांना मागे ओढायचं तर ओढणारा आधार हलता कामा नये. दुसऱ्या दातांना बांधून ओढलं तर ते दातच पुढे येतात. जॉब पकडायच्या व्हाइसचाच जबडा ढिला असेल तर कानस मारून काय उपयोग? म्हणून वरच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडाचा कणा खाली उतरतो तिथे, थेट हाडात एक स्क्रू बसवतात. माझा स्टीलचा होता, २ मि.मी. जाडीचा, १२ मि.मी. लांब. आधी ड्रिल नाही, स्क्रू स्वतःच आपली वाट काढतो. भुलीचं इंजेक्शन देऊन मॅडमनी हातानंच पिळायला सुरुवात केली. दुखलं काहीच नाही. पण हाडात आटे धरताना जो जोर येतो तो मला ओळखीचा होता. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे पाडायचा टॅप उतरतो तसा, आधी जड, मग एकसारखा. शेवटच्या फेऱ्यात पट्टी घट्ट बसल्यावर येतो तसा ठाम थांबा आला आणि मी मनात म्हणालो, बसला.

तीन आठवड्यांत तो हलायला लागला. जीभ लावली की डगमगायचा. ब्रश करताना त्या बाजूला मी घाबरून नीट फिरवत नव्हतो, भोवतीची हिरडी सुजली होती; त्यात माझाही हात होता. काही स्क्रू असेही सुटतात, मॅडम म्हणाल्या. तो काढला, जखम भरू दिली आणि थोडा बाजूला नवा बसवला. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण दीड महिना गेला. दुसरा शेवटपर्यंत राहिला. त्याच्यापासून पहिल्या उपदाढेच्या हुकापर्यंत रबराची साखळी, जिला पॉवर चेन म्हणतात, लावली. किती ताण द्यायचा ते स्प्रिंगच्या काट्यावर मोजून, २०० ग्रॅम. दर महिन्याला साखळी बदलायची. आरशात काहीच बदल दिसायचा नाही. चौथ्या महिन्यात एकदा जेवताना सुळ्याच्या खाली मेथीची काडी अडकली. तिथे आजवर काही अडकायला फटच नव्हती! बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, ‘अहो, दातांत अडकलंय त्याचा आनंद करायचा की दात घासायचे?’

४ मि.मी. व्हायला नऊ महिने लागले.

खालची घासाई तीन बैठकांत झाली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम विचारून बघून घेतलं. पोलादाची पट्टी, एका अंगाला हिऱ्याची भुकटी बसवलेली, जाडी कागदाइतकी. दोन दातांमध्ये ती सरकवायची आणि मागे-पुढे ओढायची. आमची सुईकानसच, फक्त लवचिक. दाताचं वरचं कवच, इनॅमल, खालच्या पुढच्या दातांच्या कडेला सहा-सात दशांश मि.मी. जाड असतं. मॅडम एका बाजूनं ०.१५ पेक्षा जास्त घेणार नव्हत्या. म्हणजे दोन्ही दातांचं मिळून एका फटीत ०.३.

आवाज कानांनी ऐकू येत नाही, कवटीतून येतो. लाकडाच्या पेटीवर कुणीतरी एमरी पेपर घासतंय आणि पेटी म्हणजे आपण, असं काहीसं. दुखत नाही, कारण इनॅमलला संवेदना नसते. तोंडात खडूसारखी बारीक पूड येते, पाण्याचा फवारा मारून ती ओढून घेतात. मला धास्ती होती ती बरची, घासलेल्या कडेला उरतो त्या खरखरीत कुसाची. कुठलीही कड घासली की धार राहते, खाच राहते, आणि दातावर खाच म्हणजे किडीला पायरी. पण मॅडमनी पट्ट्या बदलल्या. आधी भरड, मग मध्यम, मग इतकी बारीक की बोटाला गुळगुळीत लागावी. कडेचा गोलवा परत आणला, दात चौकोनी ठेवला नाही. मग पेटीतून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचा संच, काढला. ०.२ चा सहज गेला. ०.३ चा अडकला. परत पट्टी. मग ०.३ चा किंचित घासत गेला आणि त्यांनी ०.३५ चा घालून तो जात नाही याची खात्री केली. गो, नो-गो! तोंडात नळी नसती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

प्रत्येक फटीचं माप त्या कार्डावर लिहीत होत्या. मीही घरी येऊन पोरीच्या जुन्या वहीत लिहून ठेवायचो. शेवटी फ्लोराइडचं वार्निश लावलं आणि काही तास गरम किंवा कडक खायचं नाही म्हणून सांगितलं. पुढचे पंधरा दिवस माठातल्या पाण्यानंही दात शिवशिवले, मग थांबलं.

मटेरियल एकदा घालवलं की परत येत नाही, हे आम्ही पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. म्हणून दुसऱ्या बैठकीआधी मी थोडा अडलोच. चांगल्या दाताची कड घासायची हे चांगला दात काढण्यापेक्षा बरं, पण चांगलंही म्हणवत नव्हतं. तेव्हा मॅडमनी सांगितलेली गोष्ट डोक्यात बसली. ऑस्ट्रेलियात बेग नावाचे दंतवैद्य होते. तिथल्या आदिवासींच्या जुन्या कवट्यांमध्ये त्यांना दिसलं, की भरड खाण्यानं दात वरून झिजतात तसे एकमेकांवर घासून कडेनंही झिजतात, रांग आपोआप थोडी आखूड होते, आणि मागची दाढ पुढे येत राहते. १९५४ मध्ये त्यांनी ते मांडलं. मला माझी आजी आठवली. जात्यावरच्या पिठाची भाकरी आयुष्यभर खाल्लेली, दात आखूड, सपाट, पण रांग कशी ओळंब्यात. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही जात्याचंच काम करताय. गंमत म्हणजे बेगसाहेबांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळाच होता. आपण मऊ खातो, दात झिजत नाहीत, तर सरळ उपदाढा काढा!

हा वाद त्यांच्या धंद्यात जुनाच आहे. अमेरिकेतले अँगल, ज्यांना या शास्त्राचे जनक मानतात, ते दात काढण्याच्या सक्त विरोधात होते. सगळे दात ठेवायचे आणि कमान मोठी करायची. ते १९३० मध्ये वारले. त्यांचाच शिष्य ट्वीड. त्यानं काही वर्षं गुरूच्याच वाटेनं काम केलं, मग आपल्याच पेशंटचे दात परत वाकडे झालेले, तोंडं पुढे आलेली बघितली. अशा शंभर जणांवर त्यानं उपदाढा काढून पुन्हा उपचार केले, तेही फी न घेता. मला तो माणूस आवडला. आपला रिजेक्ट झालेला जॉब स्वतःच्या खर्चानं रीवर्क करणारे आमच्याही लाइनीत थोडेच असतात.

खालचे दात सरळ झाल्यावर एक नवीच भानगड दिसली. मधल्या दोन दातांच्या मध्ये, हिरडीजवळ, काळा त्रिकोण. दात वर रुंद आणि खाली निमुळते असले की सरळ उभे राहिल्यावर मध्ये पोकळी दिसते. वाकडे होते तोवर ती झाकलेली होती. त्यावर उपायही घासाईचाच. तिथेच आणखी ०.१ घेऊन दात जवळ आणले, म्हणजे एकमेकांना टेकण्याची जागा खाली सरकली. त्रिकोण अर्धा झाला. उरलेला मला रोज दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

याच काळात पोरीची खालची दुधाची मागची दाढ गेली. नववं वर्ष, मुळापर्यंत किडलेली, वाचवण्यासारखी नव्हती. घरून फोनवर आईचं तेच, ‘दुधाची तर आहे.’ मी पोरीला घेऊन थेट मॅडमकडे गेलो. त्यांनी मागच्या कायमच्या दाढेला एक कडी बसवली आणि कडीपासून पुढच्या दातापर्यंत तारेचा फासा, मधली जागा मोकळी. एवढंसं ते, लेथवर दहा मिनिटांत वळवता येईल असं. पोरगी दोन दिवस कुरकुरली, मग विसरली. ती अकरा वर्षांची झाली तेव्हा त्या फाशाच्या बरोब्बर मधून उपदाढेचं पांढरं टोक वर आलं. मॅडमनी कडी काढून तिच्या हातावर ठेवली. ती आता तिच्या कंपासपेटीत आहे.

माझं सगळं मिळून सव्वीस महिने चाललं. तारा, स्क्रू आणि अक्कलदाढ धरून खर्च सत्तर हजारांच्या आत बसला, हप्त्यांनी. आता खालच्या दातांना मागून एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत बारीक तार कायमची चिकटवलेली आहे आणि वर रात्री घालायचा पारदर्शक साचा. तो घालून बोललं की ‘स’ चा ‘श’ होतो. म्हणून दिवा घालवल्यावर आमच्याकडे भांडणं होत नाहीत.

तारा निघाल्या त्या दिवशी मॅडमनी आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही मॉडेल्स मला बघायला दिली. मी एका दिवसासाठी मागून घेतली आणि कामावर नेली. जेवणाच्या सुट्टीत मापं घ्यायच्या सपाट सरफेस प्लेटवर ठेवून मोजली. वर सुळ्याच्या जागेत ४.१ आले. खाली वहीतली बेरीज ३.२ झाली, त्रिकोणाचा ०.१ धरून. मग खालच्या दोन सुळ्यांच्या टोकांमधलं अंतर घेतलं. आधी २६.१. नंतर २६.४.

ग्राइंडरवरचा शिंदे खांद्यावरून बघत होता. ‘सव्वीस महिने, सत्तर हजार,’ तो म्हणाला, ‘आणि हललं किती, तर तीन पॉइंट?’

‘ते हलू नये याचेच पैसे दिलेत,’ मी म्हणालो.

त्यानं मॉडेल उचलून उलटंपालटं करून पाहिलं, अंगठ्यानं दातांच्या कडेवरून बर लागतोय का ते बघितलं, आणि परत प्लेटवर ठेवून मशीन चालू करायला गेला.